मासळीचीही पैसेवारी काढा

प्रति,
मा. मत्स्यव्यवसाय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. त्या निर्णयाचं स्वागत करणारं पत्र मी जरा उशिराच लिहितोय, आणि तेही सोलापुरातून. पाकिटावरचा शिक्का पाहून आपल्या कार्यालयातल्या कुणाला तरी गंमत वाटेल. सोलापूर म्हणजे चादर, शेंगाचटणी, कडक भाकरी आणि मे महिन्यातलं चव्वेचाळीस अंशांचं ऊन. समुद्र इथून अडीच-तीनशे किलोमीटरवर. पण जिल्ह्याच्या उशाला उजनी आहे, आणि उजनीच्या पाण्यावर फक्त ऊस पोसला जात नाही. करमाळा, माढा, इंदापूर, दौंड, कर्जत या तालुक्यांतल्या काठावरच्या कित्येक भोई-कोळी घरांची चूल त्या पाण्यातल्या मासळीवर पेटते.

निर्णय चांगला आहे. मच्छीमाराला शेतकऱ्यासारखं कर्ज मिळावं, शेतीच्या दराने वीज मिळावी, विमा उतरवता यावा, याला कोण नाही म्हणेल? पण शेतीचा दर्जा म्हणजे नुसत्या सवलती नव्हेत. शेतीच्या मागे पिढ्यान्‌पिढ्यांची मोजदाद उभी आहे. तलाठ्याचा पीकपेरा, सातबारा, पीक कापणी प्रयोग आणि त्यातून निघणारी पैसेवारी. पन्नास पैशांच्या आत की बाहेर, यावर गावाचं वर्ष कसं गेलं हे कागदावर येतं. त्या पैसेवारीला आमच्याकडच्या शेतकऱ्यांनी घातलेल्या शिव्यांची गणती नाही. पण शिव्या घालायला का होईना, आकडा असतो. त्यावर मोर्चा काढता येतो, फेरपाहणी मागता येते, आमदाराला सभागृहात उभं करता येतं.

मासळीचं तसं नाही. जिल्ह्याचं वर्षाचं गोड्या पाण्यातलं उत्पादन टनांत छापून येतं. त्या एका आकड्यावरून कोणत्या धरणात, कोणत्या महिन्यात, कोणता मासा, केवढा आणि किती जाळ्यांत मिळाला, यातलं काहीच कळत नाही. म्हणून या पत्रात मुख्य मागणं एकच आहे. मासळीचीही पैसेवारी काढा, आणि सुरुवात उजनीपासून करा.

आता हे मागणं एका निवृत्त प्राणिशास्त्राच्या मास्तराच्या डोक्यात कुठून आलं, ते सांगतो. आलं समुद्रावरून.

केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था १९४७ साली सुरू झाली; तिचं ठाणं आधी तमिळनाडूत मंडपमला होतं, पुढे ते कोचीला गेलं. या संस्थेची माणसं देशभरच्या बंदरांवर ठरावीक दिवशी जाऊन उभी राहतात. किती होड्या आल्या, कोणतं जाळं होतं, कोणता मासा किती किलो, किती लांबीचा, हे टिपून घेतात. काम दिसायला अगदी रटाळ. पण त्या टिपणांच्या जोरावर संस्थेला ठामपणे सांगता आलं, की २०१९ मध्ये महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर २.०१ लाख टन मासळी उतरली आणि ती ४५ वर्षांतली सगळ्यात कमी होती. त्या वर्षी अरबी समुद्रात ‘वायू’, ‘क्यार’, ‘महा’ अशी वादळामागून वादळं आली, होड्या बंदरात अडकून पडल्या. मच्छीमारांना हे पोटाने कळलेलं होतंच. पण ४५ वर्षांचा हिशोब पाठीशी नसता, तर त्यांचं म्हणणं ‘यंदा मासळी कमी आहे हो’ या वाक्याच्या पुढे गेलं नसतं.

तारलीचंही तेच. केरळच्या किनाऱ्यावर २०१२ साली चार लाख टनांच्या आसपास तारली मिळाली होती. २०२१ साली मिळाली ३,२९७ टन. हीच तारली एकेकाळी मलबारच्या पट्ट्यापलीकडे फारशी जात नसे. ई. विवेकानंदन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या नोंदी चाळून दाखवून दिलं, की पुढच्या दशकांत ती उत्तरेकडे आणि पूर्व किनाऱ्यावरही पोचली. बांगड्याचंही त्यांनी पाहिलं. वरच्या पाण्यात फिरणारा हा मासा तळ खरवडणाऱ्या ट्रॉलच्या जाळ्यात जास्त सापडू लागला, म्हणजे वरचं पाणी तापल्यावर तो खाली उतरू लागला. यातला एकही शोध प्रयोगशाळेत बसून लागला नाही. बंदरावर ज्याने काटा आणि पट्टी धरली, त्याचं नाव शोधनिबंधावर नसतं एवढंच.

पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था आहे. तिथले रॉक्सी मॅथ्यू कोल हिंदी महासागराच्या तापण्यावर काम करतात; २०२४ साली त्यांना विज्ञान युवा – शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. १९०१ ते २०१२ या काळात पश्चिम हिंदी महासागराचं उन्हाळी तापमान सुमारे १.२ अंशाने वाढलं, हे त्यांच्या गटाचं काम. त्या पाण्यातल्या वनस्पती-प्लवकांत, म्हणजे सगळ्या मासळीच्या मूळ चाऱ्यात, सहा दशकांत २० टक्क्यांपर्यंत घट झाली, हेही त्यांनीच २०१६ साली मांडलं. वर तापलं की वरचं हलकं पाणी आणि खालचं जड पाणी एकमेकांत मिसळत नाही, तळातलं खत वर येत नाही, आणि चारा उगवत नाही. याच संस्थेतल्या मेधा देशपांडे आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखवलं, की २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या आधीच्या दोन दशकांपेक्षा ५२ टक्क्यांनी वाढली.

सोलापूरकराने याची काळजी का करावी? कारण उजनीत येणारं पाणी सोलापूरच्या आभाळातून पडत नाही. ते सह्याद्रीच्या माथ्यावर पडतं आणि भीमा, इंद्रायणी, पवना, मुळा-मुठा, घोड या वाटांनी येतं. त्या पावसाला लागणारी वाफ अरबी समुद्राची. कोल यांच्याच २०१७ च्या अभ्यासानुसार १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भूभागावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या, आणि वाफेचा हा लहरी पुरवठा अरबी समुद्राकडून होतो. आमच्या धरणाने या लहरीपणाची झलक लागोपाठ दाखवली. २०२३ च्या पावसाळ्यात उजनी भरलंच नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात साठा उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धरण तुडुंब होऊन भीमेला पूर आला. २०२५ मध्ये तर मे महिन्यातच अवकाळीने पाणी चढू लागलं. माणसं म्हणाली, चला, भरलं एकदाचं. माशांच्या दृष्टीने हे ‘एकदाचं’ कसं असतं, ते पुढे सांगतो.

त्याआधी आणखी एका माणसाची ओळख करून द्यायला हवी. डॅनियल पॉली. जन्म पॅरिसचा, १९४६ चा. आता कॅनडात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात. तरुणपणी फिलिपाइन्समध्ये काम करताना त्यांच्यासमोर अडचण होती ती आपल्यासारख्याच देशांची. थंड देशांत माशाच्या कानातल्या हाडावर झाडाच्या खोडासारखी वर्षाची वलयं उमटतात आणि वय मोजता येतं. उष्ण देशांत ती नीट उमटत नाहीत, आणि महागडी यंत्रसामग्री कुणाकडे नसते. पॉली यांनी अशी पद्धत बसवली, की बाजारात आलेल्या शेकडो माशांची नुसती लांबी महिनोन्‌महिने मोजत राहिलं, तरी मासा किती वेगाने वाढतो आणि किती वेगाने मारला जातो याचा हिशोब निघतो. लाकडी पट्टीवर उभं राहिलेलं हे शास्त्र आहे. मी वर्गात शिकवायचो तेव्हा मुलांना ते पटायचं नाही. त्यांना सूक्ष्मदर्शक हवा असायचा.

पुढे २०१३ साली विल्यम चेउंग, रेग वॉटसन आणि पॉली यांनी जगातल्या ५२ सागरी परिसरांतल्या १९७० ते २००६ च्या मासेमारीच्या नोंदी घेऊन एक विलक्षण गोष्ट केली. प्रत्येक जातीला कोणतं तापमान मानवतं हे ठरवलं आणि जाळ्यात आलेल्या मासळीचं सरासरी ‘आवडतं तापमान’ काढलं. ते दर दशकाला ०.१९ अंशाने वाढताना दिसलं. म्हणजे थंड पाण्याचे मासे निघून चालले होते आणि उष्ण पाण्याचे त्यांच्या जागी येत होते. पण उष्ण कटिबंधात काही काळाने ही वाढ थांबली. का? थंडाव्याला चटावलेले मासे निघून गेले आणि त्यांच्या जागी यायला आणखी उष्ण मुलखातले मासे शिल्लकच नव्हते. जगाच्या नकाशावर आपण तिथेच बसतो.

समुद्रातला मासा निदान पळू शकतो. तारली उत्तरेला जाते, बांगडा खाली उतरतो. उजनीतला मासा कुठे जाणार? एका बाजूला भीमानगरची भिंत, दुसऱ्या बाजूला पुण्या-पिंपरीचं सांडपाणी घेऊन येणारी नदी, आणि दर आठवड्याला मागे सरकणारा काठ.

१९८० साली पूर्ण झालेल्या या धरणाची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी. त्यातलं ६३.६६ टीएमसी मृतसाठ्याचं, ५३.५७ उपयुक्त. टक्केवारी मोजतात ती फक्त उपयुक्त साठ्याची, म्हणून उजनी ‘उणे’ जातं. उणे ५० म्हणजे मृतसाठ्यातलं सुमारे २७ टीएमसी पाणी उपसलं. मृत हा शब्द पाटबंधारे खात्याचा; मासा मात्र उन्हाळ्यात जगतो तो त्याच साठ्यावर. आणि इथे मला माझ्या शहराबद्दलही बोललं पाहिजे. आमच्या नळाला काही दिवसांआड येणारं पाणी त्याच धरणातून येतं. नदीत ते सोडलं जातं तेव्हा मासळीसाठी किती ठेवलं, हा प्रश्न सोलापुरात कुणी विचारत नाही. आम्हीही नाही.

करमाळा तालुक्यात केत्तूरच्या बाजूला एका उन्हाळ्यात पाणी खूप आत गेलं होतं. उघड्या पडलेल्या गाळाला भेगा गेल्या होत्या आणि त्या गाळात परातीएवढे गोल खळगे दिसत होते, एकाला लागून एक, शेकड्यांनी. माहिती नसणाऱ्याला वाटावं, मुलांनी खेळताना उकरलेत. ती चिलापीच्या, म्हणजे तिलापिया माशाच्या, नरांनी शेपटीने आणि तोंडाने उकरलेली घरटी होती. उथळ पाण्यात नर अशी जागा साफ करतो, मादी तिथे अंडी घालते आणि ती तोंडात घेऊन निघून जाते. काठ इतक्या वेगाने सरकला होता, की कितीतरी खळगे वापरात येण्याआधीच कोरडे पडले असणार.

तिथे एक वयस्क मच्छीमार आणि त्यांचा मुलगा होडी काठाला लावून जाळ्यातली मासळी सोडवत बसले होते. बहुतेक चिलापीच. बोटांएवढी पोरं जाळ्याच्या आसात, म्हणजे भोकात, डोकं अडकवून पडली होती. ती सोडवताना खवले निघत आणि दोघांच्या मनगटापर्यंत चिकटत. काका म्हणाले, “पूर्वी तळहाताएवढी चिलापी आम्ही परत टाकायचो, सर. आता तेवढी आली की लिलावाला वेगळ्या क्रेटात लावतो. भाव मिळतो तिला.” मुलाला विचारलं, मासा लहान झालाय का? तो मान खाली ठेवूनच म्हणाला, “न्हाय की. एवढाच असतोय.”

दोघेही खरं बोलत होते. पॉली यांनी १९९५ साली हीच गोष्ट शास्त्रज्ञांबद्दल लिहिली होती: प्रत्येक पिढी आपण कामाला लागलो तेव्हाचीच मासळी नेहमीची मानते, आणि तिथून पुढची घट मोजते. आधीची घट कुणाच्याच हिशोबात धरली जात नाही. काकांच्या आठवणीतला मासा वहीत नसेल, तर काकांबरोबर जाईल.

आता धरणाच्या आत काय होतं ते थोडं सांगतो. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. तीस अंशांवर साडेसात. पस्तीसवर सातच्या आसपास. हा फरक कागदावर किरकोळ वाटतो. पण पाणी तापलं की माशाची प्राणवायूची गरज वाढते आणि पुरवठा घटतो, दोन्ही एकाच वेळी. त्यात पुण्याकडून आलेल्या सांडपाण्याने पाणी हिरवंगार झालेलं असतं. हे शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं आणि रात्री स्वतःच ओढून घेतं. म्हणून सगळ्यात वाईट वेळ पहाटेची. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडतात आणि सकाळी काठाला पांढरी पोटं दिसतात. दुपारी बारा वाजता येऊन पाण्याचा नमुना घेणाऱ्या साहेबाला मात्र प्राणवायू भरपूर सापडतो.

कटला, रोहू, मृगळ हे या पहाटेला कच्चे. शिवाय ते साचलेल्या पाण्यात वीण घालत नाहीत. त्यांना पावसाळ्याचं वाहतं, चढतं पाणी लागतं. म्हणून तर हिरालाल चौधरी यांनी १० जुलै १९५७ रोजी पियुषिका ग्रंथीच्या अर्काने या माशांची वीण घडवून आणली, तो दिवस देशभर मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. उजनीसारख्या धरणात यांची संख्या टिकायची तर बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडावी लागते, आणि ती मोठी होईपर्यंत बारीक आसाच्या जाळ्यातून वाचवावी लागते. चिलापीला यातलं काही नको. तिला साचलेलं पाणी चालतं, ऊन चालतं, प्राणवायू कमी असला तरी ती तग धरते, आणि वर्षातून कितीदातरी विते. १९५२ साली भारतात आणलेला हा आफ्रिकी मासा तापत्या, आटत्या धरणासाठीच जन्माला आल्यासारखा आहे. महामार्गावरच्या हॉटेलांत उजनीची चिलापी फ्राय खाताना मला तिची चव आवडते. पण ताटात दुसरं काही येत नाही, याची नोंद पोटाने घेतलेली असते.

आणि आता तो उणे साठ्याचा प्रकार. पाणी कमी झालं की सगळा मासा जुन्या नदीच्या खोल पात्रात गोळा होतो. तिथे जाळं टाकलं की भरून येतं. त्या महिन्यांत बाजारात माल वाढतो आणि भाव पडतो. नुसते टन मोजणारा माणूस लिहील, ‘उत्पादन वाढले’. खरं तर पुढच्या पावसाळ्यात वीण घालणारी मोठी मासळी त्या महिन्यांत उचलली जाते. मग धरण तुडुंब भरतं, आपण जलपूजन करतो, आणि भरल्या पाण्यात जाळं रिकामं येतं. म्हणून टनांबरोबर मेहनतही मोजावी लागते: किती होड्या, किती जाळी, किती तास. एका जाळ्यामागे किती मासा, हा आकडा पाण्याच्या पातळीशेजारी ठेवून वाचला, तर सहसा फसवत नाही.

महोदय, इथे एक इशारा देतो, कारण हवामानबदल हा शब्द हल्ली सरकारी भाषणांत फार सोयीचा झालाय. उजनीची चिलापी लहान झाली असेल तर तिची कारणं निदान चार असू शकतात. बारीक आसाच्या जाळ्यांनी मोठे मासे आधीच काढून नेले. गर्दी झाली की चिलापी खुरटते आणि लहानपणीच विते. सांडपाण्याने पाणी बिघडलं. आणि पाणी तापलं. पॉली यांचं म्हणणं, की कल्ल्यांचं क्षेत्रफळ माशाच्या वजनाच्या मानाने कमी वाढतं, म्हणून उष्ण पाण्यात मोठ्या माशालाच आधी श्वास कमी पडतो. चेउंग आणि त्यांच्या गटाने याच आधारे २०१३ मध्ये सहाशेहून अधिक सागरी जातींबद्दल भाकीत केलं, की उत्सर्जन असंच राहिलं तर २०५० पर्यंत माशांचं कमाल वजन सरासरीने १४ ते २४ टक्क्यांनी घटेल. शरीरक्रियेच्या काही अभ्यासकांना हा कल्ल्यांचा सिद्धान्त मान्य नाही, आणि तो वाद चालू आहे. चालू द्या. पण उजनीत यातलं कोणतं कारण किती, हे सांगायला नोंदी नकोत का? त्या नसतील तर पुणे म्हणेल ऊन, मच्छीमार म्हणेल पुणे, खातं म्हणेल जाळं, आणि प्रत्येकाची सुटका होईल.

आता मदतीचं बघा. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्याने चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात करमाळा, माढा, इंदापूर, दौंड, म्हणजे उजनीच्या काठचे तालुके होते. सवलती जाहीर झाल्या त्या अशा: जमीन महसुलात सूट, शेतीकर्जाचं पुनर्गठन, वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या वीजबिलात साडेतेहतीस टक्के सूट, विद्यार्थ्यांचं परीक्षा शुल्क माफ, रोहयोच्या निकषांत सवलत, टँकर. ज्याच्याकडे जमीन नाही, पंप नाही, फक्त होडी आणि जाळं आहे, त्याला या यादीतून मुलाच्या परीक्षेची फी सोडून काय मिळालं असेल? तेव्हा मासेमारीला शेतीचा दर्जा नव्हता, हे उत्तर त्या वेळी चाललं. आता चालणार नाही. पुढच्या उणे साठ्याच्या वर्षी काठावरचा माणूस विचारेल, की आम्हीही शेतकरी ना, मग आमचं नुकसान किती धरलंत? आणि तेव्हा आपल्या अधिकाऱ्याकडे सांगायला आकडा नसेल.

विमा कंपनी तर आकड्याशिवाय उंबरठाही ओलांडू देत नाही. सरासरी उत्पादन किती आणि यंदा किती, या दोन रकान्यांवर पीकविमा चालतो. उजनीच्या मासळीचा पहिला रकानाच रिकामा असेल, तर कृषी दर्जाचा शासन निर्णय भिंतीवर लावण्याच्या कामाचा.

काय करावं लागेल, तर फार नाही. भिगवण आणि इंदापूरच्या मासळी बाजारांत, आणि करमाळा-माढ्याच्या काठावरच्या उतरण्याच्या चार-सहा ठिकाणी, महिन्यातून ठरावीक दिवस एक प्रशिक्षित माणूस बसवा. जात, लांबी, वजन, होड्या, जाळ्याचा आस, तास. पाण्यात दोन-तीन ठिकाणी तापमान आणि प्राणवायू, तोही पहाटे. धरणाची पातळी जलसंपदा खातं रोज मोजतंच. ती शेजारच्या रकान्यात लिहा. माणसं कुठून आणायची? मुंबईत वर्सोव्याला १९६१ पासून केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. रत्नागिरीत शिरगावला, नागपूरला आणि उदगीरला मत्स्य महाविद्यालयं आहेत. सोलापूर-पुणे महामार्गावरच पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ आहे. उजनीवर प्रबंध लिहिणारे विद्यार्थी पूर्वीही होते, आजही आहेत. त्यांचं काम पदवी मिळाली की कपाटात जातं, कारण पुढच्या वर्षी तीच मोजणी करायला कुणी येत नाही. मोजणी थांबणार नाही एवढी तजवीज सरकारच करू शकतं. आणि काठावरच्या मच्छीमारांची शिकलेली मुलं-मुली यासाठी मानधनावर घ्या. मासा ओळखायला त्यांना शिकवावं लागणार नाही, आणि कुणी खोटं लिहिलं तर त्यांना लगेच कळेल.

दुसरं, कालवा सल्लागार समितीत मच्छीमारांचा प्रतिनिधी बसवा. शेतीचं पाणी किती, पिण्याचं किती, उद्योगाचं किती, हे तिथे ठरतं. त्या हिशोबात जुन्या पात्रातल्या डोहांसाठी किमान पातळीचा एक रकाना असावा, आणि पाणी त्याखाली गेलं तर त्या डोहांत मासेमारी बंद, व बंदीच्या काळात काठावरच्यांना भत्ता. समुद्रात १ जूनपासून बंदी येते तेव्हा कोकणातला मच्छीमार ती पाळतो, कारण त्याला तारीख माहीत असते. उजनीतली तारीख दिनदर्शिकेने नव्हे, पाण्याच्या पातळीने ठरवावी लागेल.

याला विरोध होईल, तो आमच्याकडूनच होईल. ऊसवाला म्हणेल, माशापायी माझं आवर्तन तोडणार का? सोलापूरकर म्हणेल, आम्हाला प्यायला नाही आणि तुम्ही मासे सांभाळता. या भांडणात पडायला मला संकोच नाही. पण हातात आकडा असल्याशिवाय मच्छीमाराने त्यात उतरावं, असं मी म्हणणार नाही. तो हरेल.

आपलं खातं समुद्रासाठी जे मोजतं ते चालू ठेवावंच. मी फक्त म्हणतोय, की समुद्राच्या शास्त्रज्ञांनी सत्तर-पंच्याहत्तर वर्षांत जे शिकवलं, ते घाट ओलांडून आत येऊ द्या. या पावसाळ्याआधी उजनीच्या काठावर काटा आणि पट्टी घेऊन पहिला माणूस उभा करा, आणि त्याची नोंद दर महिन्याला मराठीत, बाजार समितीच्या फलकावर लावा. ती केत्तूरच्या काकांना आणि त्यांच्या मुलाला, दोघांनाही वाचता आली पाहिजे.

आपला,
एक निवृत्त प्राणिशास्त्र अध्यापक,
सोलापूर